बेदाण्याची गाडी, पाच दिवसांची खेप आणि साखर: डब्याला काय द्यावं? (मदत हवी आहे)

नमस्कार मंडळी. तासगावजवळच्या एका खेड्यातून लिहितेय. आमचे हे ट्रकवर ड्रायव्हर आहेत. वय ४९, त्यातली बावीस वर्षं गाडीवर गेली. मागच्या दिवाळीत साखर निघाली आणि गेल्या आठवड्यात एचबीएवनसी (मागच्या तीनेक महिन्यांची सरासरी साखर सांगणारी रक्ततपासणी) ९.१ आला. डॉक्टर म्हणाले, सातच्या आत आणायचा. घरी असतात तेव्हा उपाशीपोटीची साखर १२०-१३० च्या आसपास राहते. खेपेवरून माघारी आले की दुसऱ्या दिवशी २२०, २४०. म्हणजे बिघडतंय ते रस्त्यावर, एवढं मला कळलंय.

खेप अशी असते. बेदाणा भरायचा आणि पुणे, नाशिक, धुळे, सेंधवा करत इंदूर गाठायचं. जायला दोन दिवस. गाडी खाली झाली की परतीचं भाडं कधी चार तासांत मिळतं, कधी दीड दिवस तिथंच पडून राहावं लागतं. मग तसंच माघारी. पाच दिवस धरून चालायचं.

मी पहाटे चारला उठून डबा करते. सहा भाकरी, मटकीची उसळ, वांग्याचं कोरड्यास. दुपारचं जेवण चांगलं होतं. पण एप्रिलचं ऊन, वर तापलेला पत्रा आणि पायाशी इंजिन. गेल्या खेपेला रात्री नाशिकच्या पुढं डबा उघडला तर उसळीवर फेस आणि आंबूस वास. तसाच रस्त्याकडेला रिकामा केला. मग ढाबा: चार तंदुरी रोट्या, लोणी सोडलेली डाळ, वर ताटभर भात. झोप येऊ नये म्हणून चहा. मी एका खेपेला मोजायलाच लावलं, तर दिवसाला आठ चहा निघाले, प्रत्येकात दोन चमचे साखर. शिवाय बेदाणा. गाडी भरताना व्यापारी ओंजळभर हातावर ठेवतो, तो डॅशबोर्डवरच्या डब्यात जातो आणि येताजाता तोंडात. "फळच आहे की ते," म्हणतात.

आता खरी भीती वाटली तो प्रसंग सांगते. मार्चमध्ये सेंधव्याच्या घाटात गाड्या अडकल्या. ह्यांनी सकाळी साडेसातला गोळी घेतली होती आणि घाट उतरल्यावर खाऊ म्हणून पुढं निघाले होते. एक वाजेपर्यंत गाडी जागची हलली नाही. क्लीनरचा फोन आला, एकोणीस वर्षांचा पोरगा आहे. "वहिनी, दादांचा शर्ट भिजून गेलाय, हात थरथरतायत, मी काय विचारतोय ते त्यांना कळंना." मागच्या गाडीवरच्या ड्रायव्हरनं साखरपाणी पाजलं. गाडी उभी होती म्हणून निभावलं. तेव्हापासून खेप सुरू असली की मला झोप नाही.

दवाखान्यात आहाराचा छापील कागद मिळाला. अकराला सफरचंद, चारला मोड आलेली कडधान्यं, रात्री आठला दोन फुलके आणि वाफवलेल्या भाज्या. चुकीचं काही नसेल त्यात, पण तो घरी बसून जेवणाऱ्या माणसाचा कागद आहे. ट्रकवर हे कसं जमवायचं, असं विचारेपर्यंत पुढच्या पेशंटचा नंबर पुकारला.

केबिनच्या उन्हात दोन-तीन दिवस टिकेल असं काय देऊ? ढाब्यावर थांबावंच लागलं तर काय मागवायला सांगू? आणि गोळी व जेवण यांचा मेळ चालत्या गाडीत कसा घालायचा? तुमच्या घरी कुणी गाडीवर असेल तर नक्की लिहा.

माणदेशी:
ताई, माझा थोरला भाऊ गाडीवर आहे. ओलं काही दुसऱ्या दिवसावर टाकू नका. उसळ, रस्सा, कांदा घातलेलं थालीपीठ, सगळं त्याच दिवशी संपलं पाहिजे. दुसऱ्या दिवसापासून कडक भाकरी. सोलापूर-जत भागात ज्वारीची पातळ थापून, तव्यावरून काढल्यावर पुन्हा मंद आचेवर पापडासारखी वाळवतात. पाणी पूर्ण गेलेलं असतं म्हणून बुरशी धरत नाही, आठ-दहा दिवस आरामात राहते. मात्र पूर्ण गार झाल्याशिवाय बांधायची नाही. एक जरी कोमट राहिली तरी वाफ धरून सगळी चळत मऊ पडते. सोबत शेंगदाण्याची, जवसाची, कारळ्याची कोरडी चटणी. लसूण घालायचा तर तो तव्यावर कोरडा भाजून घाला. भाऊ ढाब्यावरून फक्त साधी डाळ घेतो आणि त्यात भाकरी कुस्करतो.

रोजचा प्रवासी:
वहिनी, साखर असणाऱ्यांसाठीची डायजेस्टिव्ह बिस्किटं द्या ना. टिकायचा प्रश्नच नाही. सकाळी कारल्याचा रसही चांगला.

साताऱ्याची आहारतज्ज्ञ:
बिस्किटं नकोत. पुड्याच्या मागचं बारीक अक्षर वाचा, त्यातल्या बऱ्याच बिस्किटांत मैदा, साखर आणि पामतेल आहे. कारल्याच्या रसावर विसंबून गोळी चुकवणारे रुग्ण मी पाहिलेत, तोही नको.

ताई, आधी एक सांगा, गोळी कोणती आहे? घाटात जे झालं ते साखर उतरल्याचं लक्षण आहे आणि तुमच्या प्रश्नातला सगळ्यात तातडीचा भाग तोच आहे.

धागाकर्ती:
ग्लिमेपिराइड आणि मेटफॉर्मिन एकत्र आहे. पाकीट बघूनच लिहिलं.

साताऱ्याची आहारतज्ज्ञ:
तेच वाटलं होतं. मेटफॉर्मिन एकटी असली तर साखर सहसा खाली ओढत नाही. ग्लिमेपिराइड मात्र शरीराला इन्सुलिन सोडायला लावते, मग पोटात अन्न असो वा नसो. म्हणून ही गोळी जेवण समोर आल्यावरच घ्यायची, घड्याळात साडेसात वाजले म्हणून नाही. "पुढच्या ढाब्यावर खाऊ" असं असेल तर गोळीही पुढच्या ढाब्यावरच. घाटातला प्रसंग तुमच्या डॉक्टरांना तारखेसह सांगा. ड्रायव्हर आहेत हे कळलं की ते डोस किंवा गोळी बदलायचा विचार करू शकतात. स्वतःहून मात्र बदलू नका.

साखर ७० च्या खाली गेली किंवा तशी लक्षणं दिसली तर गाडी कडेला घ्यायची, तीन चमचे साखर पाण्यात घालून प्यायची आणि १५ मिनिटांनी पुन्हा मोजायची. अजून कमीच असेल तर पुन्हा तेवढीच. वर आली की काहीतरी खायचं, आणि त्यानंतरही पाऊण तास स्टिअरिंगला हात लावायचा नाही. साखरेच्या पुड्या क्लीनरच्या खिशातही हव्यात आणि त्याला हे सगळं तोंडपाठ हवं. शुद्ध हरपली तर तोंडात काही घालायचं नाही, थेट १०८ ला फोन. साखर मोजायच्या पट्ट्या डॅशबोर्डवर ठेवू नका, उन्हानं खराब होऊन चुकीचा आकडा दाखवतात.

बेदाण्याबद्दल: द्राक्षातलं पाणी गेलं, साखर तेवढीच राहिली. १०० ग्रॅम बेदाण्यात साठ ग्रॅमच्या आसपास साखर असते. तो डबा केबिनमधून काढा आणि त्याच जागी फुटाणे आणि भाजलेले शेंगदाणे ठेवा. हात आपोआप तिथंच जातो, म्हणून जागा बदलू नका.

मिरजेचा एमआर:
सोळा वर्षं सांगली, सातारा, कोल्हापूर फिरतोय, मलाही साखर आहे. ढाब्यावर बसताच आधी कांदा-काकडी मागवतो, समोर चिरून. आधीच चिरून ठेवलेलं घेत नाही. डाळ "बिना तडका, बिना बटर" म्हटलं की निमूट देतात. रोटी दोनच, आणि मैद्याची की कणकेची ते विचारून. भात पूर्ण बंद. उकडलेली अंडी मिळाली तर दोन, ती बराच वेळ पोटाला आधार देतात. चहाचं जमायला मला महिना लागला. आधी साखर अर्धी केली, मग अर्ध्याची अर्धी. एकदम बंद केली असती तर चार दिवसांत पुन्हा मूळपदावर आलो असतो.

धागाकर्ती (अकरा दिवसांनी):
सगळ्यांचे मनापासून आभार. एक खेप झाली, म्हणून लिहितेय.

डॉक्टरांकडे पुन्हा गेलो. या वेळी मी दारातच सांगितलं की माणूस ट्रक चालवतो आणि घाटात असं असं झालं. त्यांनी नीट ऐकून घेतलं आणि ग्लिमेपिराइड निम्मी केली. पंधरा दिवस रोजचे आकडे लिहून आणायला सांगितलेत.

कडक भाकरीची पहिली खेप माझी फसली, जाड थापल्या होत्या, मध्ये ओलसर राहिल्या. शेजारच्या काकूंचं माहेर जतचं. त्यांनी शेजारी बसून थापायला शिकवलं. चोवीस भाकरी सुती कापडात गुंडाळून पत्र्याच्या डब्यात दिल्या, त्यातल्या पाच माघारी आल्या, त्याही कुरकुरीत. चटण्या दोन्ही संपल्या. फुटाणे निम्मे क्लीनरनं खाल्ले, त्याचं काही नाही, पोरगं आहे. चहा आठाचे सहा झाले आणि साखर एक चमचा. गोळी घ्यायच्या आधी मला मिस कॉल द्यायचा असं ठरवलंय. मी परत फोन करून "ताट पुढ्यात आहे का?" एवढंच विचारते.

आल्यावर दुसऱ्या दिवशी सकाळी साखर १६८ होती. २४० नव्हती.

परवा पुन्हा गाडी भरायची आहे, आज जवस भाजायला घेतलेत. एक विचारायचं राहिलं. पावसाळ्यात हवा दमट असते, तेव्हा कडक भाकरी डब्यात मऊ पडते का? माणदेशी दादा, तुमच्या भावाला विचारून सांगाल का?