चौघांनी मिळून केले ते परीक्षण, समीक्षा की आणखी काही?

अनुवादक, धंतोली
एका हिंदी कार्यक्रमाच्या संहितेचा मराठी अनुवाद माझ्याकडे आला आहे. त्या आठवड्यात लागलेल्या नव्या चित्रपटांवर चार जाणकार एकत्र बसून बोलतात आणि त्यांचे एकमत क्वचितच होते. मूळ संहितेत 'फिल्म समीक्षा' आहे, म्हणून मी 'सामूहिक समीक्षा' असे लिहिले; संपादकांनी ते खोडून 'सामूहिक परीक्षण' केले. माझी खरी अडचण 'सामूहिक'ची आहे. चौघे भांडत असताना हा शब्द वापरला की त्यांनी एकाच निकालपत्रावर सह्या केल्यासारखे वाटते.

एक वाचक, महाल
संपादकांचे बरोबर आहे. मराठीत समीक्षा साहित्याची होते; नाटकाचे आणि चित्रपटाचे परीक्षण होते. नागपूर १९५६ पर्यंत हिंदी आणि मराठी अशा दुभाषी राज्याची राजधानी होते, त्यामुळे हिंदी वळण आपल्या कानांना खटकत नाही. 'आढावा बैठक' हा चांगला शब्द असताना येथे लोक 'समीक्षा बैठक' म्हणतात, तेही त्याच सवयीने.

निवृत्त शिक्षिका, प्रतापनगर
भाऊ, 'समीक्षा' ही हिंदीची मालमत्ता कधीपासून झाली? दोन्ही शब्दांच्या पोटात 'ईक्ष्' म्हणजे पाहणे हा एकच धातू आहे. 'परि' लागला की चहूबाजूंनी पाहणे, 'सम्' लागला की नीट, समग्र पाहणे. गंमत अशी की चित्रपटावर लिहिणाऱ्याला आपण समीक्षक म्हणतो आणि त्याने लिहिलेल्या मजकुराला परीक्षण. 'परीक्षक' म्हटले की राज्य नाट्य स्पर्धेत गुणपत्रक घेऊन बसलेली मंडळी डोळ्यांपुढे येतात. एका विद्यार्थ्याने निबंधात 'चित्रपट परीक्षक' असे लिहिले, तेव्हा मी ते लाल शाईने खोडले होते. "मग बाई, परीक्षण कोण करतो?" असे त्याने विचारले आणि मला उत्तर सुचले नाही. ते आजही सुचलेले नाही.

एक वाचक, सदर
जुना शब्द 'टीका' हाच आहे. शके १२१२ मधील ज्ञानेश्वरी ही गीतेवरील टीका आहे, आणि तीत गीतेला कोणी नावे ठेवलेली नाहीत. पुढे टीका म्हणजे दोष काढणे, एवढाच अर्थ व्यवहारात उरला आणि एक चांगला शब्द आपण वाया घालवला. जाता जाता सांगतो, वर अनुवादक ताईंनी 'लागलेल्या' लिहिले ते मला फार आवडले. 'प्रदर्शित झालेल्या' हे छापील मराठी झाले. आमच्याकडे चित्रपट टॉकीजला लागतो, चालतो, नाही तर पडतो.

एक वाचक, महाल
'लागलेल्या' हे बोलण्यात ठीक आहे; लेखनात 'प्रदर्शित' हेच शोभते. लेखन आणि बोलणे यांत काही अंतर राहू द्यावे.

अनुवादक, धंतोली
आपल्या सर्वांची आभारी आहे, परंतु 'सामूहिक'चे काय करू?

एक वाचक, महाल
'परिसंवाद' लिहावे.

निवृत्त शिक्षिका, प्रतापनगर
परिसंवादाला अध्यक्ष लागतो, शाल-श्रीफळ लागते आणि शेवटी आभारप्रदर्शन लागते. शुक्रवारी पाहिलेल्या चित्रपटावर रविवारी तावातावाने बोलणाऱ्या चौघांना हा शब्द अंगाबाहेरचा होतो. साधे 'चर्चा' का नको?

एक वाचक, सदर
चर्चा तर पानठेल्यावरही होते, आणि पुष्कळदा तीच अधिक प्रामाणिक असते. पण या चौघांना अखेरीस निवाडा द्यायचा आहे. तो 'चर्चा' या शब्दात येत नाही. 'आढावा' म्हणावे तर त्याला जमाखर्चाचा वास येतो.

अनुवादक, धंतोली
निवाड्यावरून आठवले. संहितेत प्रत्येक चित्रपटाला शेवटी 'साढे तीन स्टार' अशा प्रकारे गुण दिले आहेत. 'साडेतीन तारे' चालेल का? अर्धा तारा मराठीत विचित्र दिसतो.

एक वाचक, सदर
मुळीच विचित्र नाही. जी भाषा साडेतीन मुहूर्त पाळते आणि साडेतीन शहाणे मोजते, तिला अर्ध्या ताऱ्याचे काय अवघड आहे? त्या शहाण्यांतले देवाजीपंत चोरघडे तर आपल्या नागपूरकर भोसल्यांच्याच पदरी होते, म्हणजे अर्धा शहाणा आपल्या गावचा.

निवृत्त शिक्षिका, प्रतापनगर
देवाजीपंत पूर्ण शहाणे होते. अर्धे शहाणे नाना फडणवीस, आणि ते पुण्याचे.

अनुवादक, धंतोली
'तारे' करते. मजकूर उद्या सकाळी द्यायचा आहे आणि 'सामूहिक' अद्याप जागचे हललेले नाही.