गुड फ्रायडेचं वाचन आणि 'यहुदी' हा शब्द: मुलांना काय सांगू?

गासची लेक:
नमस्कार. वसईत आमच्या पॅरिशमध्ये मी सहावीच्या मुलांचा धर्मशिक्षणाचा वर्ग घेते. गेल्या रविवारी प्रभूच्या दुःखसहनाचा धडा चालू होता. एका मुलाने विचारलं, "टीचर, येशूला ज्यूंनीच मारलं ना? मग ते वाईटच ना?" मी "तसं नसतं रे" म्हणाले आणि पुढे सरकले. तेव्हापासून मनाला लागून राहिलंय.

कारण माझी जिवाभावाची मैत्रीण ठाण्याची बेने इस्रायल, म्हणजे कोकणातल्या मराठी यहुद्यांपैकी आहे. तिच्याकडे मलिद्याला, त्यांच्या देवाचे आभार मानायच्या विधीला, गेले होते. परातीत गूळखोबरं घातलेले पोहे, भोवती फळं, आणि घरातली सगळी 'एलियाहू हन्नबी' गात होती. आपण बायबलात वाचतो तोच संदेष्टा एलिया!

यंदा गुड फ्रायडेला योहानच्या शुभवर्तमानातलं निवेदन माझ्याकडे आहे. "यहुदी ओरडले" हे वाचताना ती मागच्या बाकावर बसलेली असली तर? मजकूर काही मला बदलता येत नाही. मुलांना नेमकं काय सांगावं?

जुना मास्तर:
बाई, चर्चने याचं उत्तर २८ ऑक्टोबर १९६५ रोजी देऊन ठेवलंय. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेचा, म्हणजे जगभरच्या कॅथलिक बिशपांच्या सभेचा, 'नोस्त्रा एताते' हा जाहीरनामा. बाजूने २२२१ मतं, विरोधात ८८. येशूच्या मरणाचा दोष त्या काळच्या सरसकट सगळ्या यहुद्यांवर टाकता येत नाही, आजच्यांवर तर नाहीच, असं त्यात स्वच्छ लिहिलंय.

हे सहज झालं नाही. ज्यूल इसाक हे फ्रेंच इतिहासकार. बायको आणि मुलगी नाझींनी मारलेली. १९६० च्या जूनमध्ये, वयाच्या ८२ व्या वर्षी, ते पोप तेविसावे जॉन यांना भेटले. ख्रिस्ती शिकवणुकीतूनच यहुद्यांचा तिरस्कार कसा पेरला गेला, ते त्यांनी पोपसमोर मांडलं. पोपनी पुढे हे काम कार्डिनल बेआ यांच्याकडे सोपवलं.

गुड फ्रायडेची यहुद्यांसाठीची प्रार्थनाही मुलांना दाखवा. पूर्वी प्रत्येक प्रार्थनेला लोक गुडघे टेकायचे, फक्त या एकीला नाही. १९५५ मध्ये ते बदललं. लॅटिनमध्ये यहुद्यांना लावलेलं 'पर्फिदिस' ('अविश्वासू') हे विशेषण १९५९ मध्ये गेलं. आज आपण काय मागतो? देवाचा शब्द ज्यांनी आधी ऐकला, ते त्याच्या कराराशी निष्ठेने राहोत. मी हे वर्गात शिकवलं तेव्हा माझाच आवाज भरून आला होता.

लोदकर:
ताई, मी अलिबागच्या इस्रायल आळीतला, १९७० पासून इथे इस्रायलमधल्या लोदला. कोकणात आम्हाला लोक शनवार तेली म्हणायचे, शनिवारी शब्बाथला घाणा बंद ठेवणारे म्हणून, पण येशूला मारणारे असं कुणी म्हटल्याचं मला आठवत नाही. इथे आमचे शेजारी पोलंडचे होते. लहानपणी तिकडे ईस्टरच्या आठवड्यात त्यांची आई त्यांना घराबाहेर पाऊल टाकू द्यायची नाही. मला ते कळेचना.

२००० साली पोप दुसरे जॉन पॉल जेरुसलेमला आमच्या पवित्र पश्चिमी भिंतीपाशी आले, ते मी आणि त्या शेजाऱ्यांनी टीव्हीवर पाहिलं. थरथरत्या हाताने त्यांनी दगडाच्या फटीत चिठ्ठी ठेवली. म्हातारा उठून पडद्याला नाक लावून उभा राहिला, अक्षरं दिसतात का बघायला. यहुद्यांना दिलेल्या दुःखाबद्दल देवाची क्षमा मागितली होती तीत.

मास्तरांचे कागद खरे आहेत. पण कागद वाचून भीती जात नाही. आणि गाझाच्या युद्धापासून तर बोलणं पुन्हा जड झालंय, दोन्हीकडून. मुलांना माणसं भेटवा, ताई.

गासची लेक:
दोघांचेही मनापासून आभार. काल वाचनाची तालीम करताना एक गोष्ट ध्यानात आली. "त्याला क्रुसावर खिळा" हे जमावाचं वाक्य आपल्याकडे अख्खं देऊळ म्हणतं. म्हणजे मुलंही म्हणतात, मीही म्हणते. त्या मुलाला रविवारी हेच विचारणार आहे: ते कोण ओरडतं रे? आणि येशू कोण, मरिया कोण, पेत्र कोण, हेही. सगळे यहुदीच ना!

मैत्रिणीला फोन केला. ठाण्याच्या सिनेगॉगमध्ये वर्ग आणू का विचारलं. म्हणाली, "शब्बाथ सोडून कधीही आण. आणि पोरांना टोप्या घेऊन यायला सांग."