पेल एलसाठी माल्ट कोणतं घ्यावं? आमच्या फॅमिली ग्रुपवरची चर्चा

बंटी (पोर्टलंड, अमेरिका): ताई, इथेच विचारतो. शनिवारी घरी पेल एल बिअर लावतोय, १९ लिटर. माल्टची यादी अशी केलीये: अमेरिकन टू-रो साडेतीन किलो, म्युनिक ७०० ग्रॅम, क्रिस्टल ६० अर्धा किलो, बिस्किट ३०० ग्रॅम, कॅरापिल्स २५० ग्रॅम. हॉप्स, म्हणजे कडूपणा आणि वास देणारी फुलं, फक्त कॅस्केड जातीची. जमेल का?

ताई: बिअर होईल, पण पेल एल होणार नाही. एवढी पाच माल्ट एका भांड्यात घातलीस की कुठल्याचीच चव ओळखू येणार नाही. सविस्तर संध्याकाळी लिहिते, आत्ता लॅबमध्ये आहे.

आत्या: माल्ट म्हणजे नक्की काय गं? आपण दुधात घालतो ते?

ताई: तेही त्यातूनच होतं, आत्या. तू नागलीचं सत्त्व करतेस ना, तेच समज. नागली भिजवतेस, फडक्यात बांधून मोड आणतेस, वाळवून दळतेस. सातूचंही (बार्लीचंही) तसंच करतात, फक्त मोड वेळेवर थांबवून भट्टीत वाळवतात. मोड येताना दाण्यात एन्झाइम तयार होतात आणि पुढे गरम पाण्यात तेच स्टार्चची साखर करतात. ती साखर खाऊन यीस्ट अल्कोहोल बनवतं.

नाना (निफाड): म्हणजे द्राक्षात साखर आयती असते, इथे ती बनवावी लागते.

ताई: बरोबर, नाना. वायनरीत आणि ब्रुअरीत पहिला फरक तोच. म्हणून बिअरमध्ये माल्टची निवड एवढी महत्त्वाची.

काका: हे घरी चालतं का पण? उद्या इथे कोणी सुरू करायचं.

ताई: नाही, काका. महाराष्ट्रात १९४९ चा दारूबंदी कायदा लागू आहे, परवान्याशिवाय घरी बनवणं गुन्हा आहे. मी पुण्यात शिकले ते परवाना असलेल्या मायक्रोब्रुअरीत. अमेरिकेत १९७८ साली राष्ट्राध्यक्ष कार्टर यांनी सही केलेल्या कायद्याने घरगुती बिअरला मोकळीक मिळाली. एका प्रौढाला वर्षाला १०० गॅलन, घरात दोन किंवा जास्त प्रौढ असतील तर २००, आणि विकायची नाही. तेव्हा बंटीने करावी, आपण इथून सल्ला द्यावा.

काका: ठीक. मग चालू दे.

ताई: बंटी, आता नीट वाच.

बिअरचा कणा म्हणजे बेस माल्ट. पेल एलमध्ये तो ८५ टक्क्यांच्या पुढे असावा असं माझं ठाम मत आहे. तुझ्या यादीत तो, म्हणजे टू-रो, ६७ टक्क्यांवर आलाय.

अर्धा किलो क्रिस्टल जास्त आहे. क्रिस्टलचं ओलं माल्ट आधी बंद भट्टीत गरम ठेवतात, साखर दाण्याच्या आतच होते, मग ते भाजतात. त्यातली बरीच साखर यीस्टला खाता येत नाही, ती बिअरमध्ये गोडी आणि जडपणा बनून राहते. कॅस्केडचा वास ग्रेपफ्रूटच्या सालीसारखा, फुलांसारखा असतो. गोडी वाढली की तो दबतो. ४० आणि ६० हे आकडे रंगाचे आहेत. ४० मध्ये हलकी कॅरॅमल चव येते. ८० च्या पुढे मनुकांची आणि जळक्या साखरेची येते, ती इथे नकोच.

कॅरापिल्स तू फेसासाठी आणि भरीवपणासाठी घेतलंस ना? ते काढ. भरीवपणा हवा तर मॅशचं, म्हणजे गरम पाण्यात भिजवलेल्या माल्टचं, तापमान वाढव. ६३-६४ अंशाला बीटा अमायलेज हे एन्झाइम जोरात चालतं, बिअर कोरडी होते. ६८-६९ ला अल्फा अमायलेजचा जोर, यीस्टला न पचणारे डेक्स्ट्रिन जास्त राहतात, बिअर भरीव होते. तू ६६-६७ वर एक तास ठेव. एक जादा माल्ट विकत घेण्यापेक्षा थर्मामीटर नीट वापरलेला बरा.

बंटी: आणि बिस्किट? मला पावाच्या कडेसारखी चव हवीच आहे.

ताई: ती म्युनिक देतं. म्युनिक साध्या पेल माल्टपेक्षा जास्त उष्णतेला वाळवतात, तिथेच ती चव येते. शिवाय त्याचा स्टार्च साखरेत बदलायला त्याचे स्वतःचे एन्झाइम पुरतात, त्यामुळे काळजी नाही. म्युनिक आणि बिस्किट यांतलं एकच ठेव. मी म्युनिक ठेवेन, पण ४०० ग्रॅम. माझी यादी:

टू-रो ४ किलो
म्युनिक ४०० ग्रॅम
क्रिस्टल ४० २०० ग्रॅम

एकूण ४.६ किलो. ७० टक्के साखर उतरली तर सुरुवातीची ग्रॅव्हिटी (आंबवण्याआधीची घनता) १.०५० च्या थोडी वर येईल आणि अल्कोहोल साधारण ५ टक्के. रंग सोनेरी, किंचित तांबूस.

नाना: १.०५० म्हणजे ब्रिक्समध्ये, साखरेच्या टक्क्यांत, किती? आम्ही बागेत रिफ्रॅक्टोमीटरने बघतो.

ताई: साडेबाराच्या जरा खाली, नाना. वाइनच्या द्राक्षाला आपण २२-२४ ची वाट बघतो, त्याच्या निम्मं. बंटी, तुझ्याकडे रिफ्रॅक्टोमीटर असेल तर आंबवण्याआधीच वापर. नंतर अल्कोहोलमुळे तो चुकीचं दाखवतो, तेव्हा घनता मोजणारा हायड्रोमीटर घे.

बंटी: दुकानात मॅरिस ऑटरही आहे, इंग्लंडचं. टू-रोच्या जागी तेच घेऊ का? महाग आहे जरा.

ताई: फार सुंदर माल्ट आहे. १९६० च्या दशकात केंब्रिजच्या संशोधन संस्थेत तयार झालेलं हिवाळी सातूचं वाण. उतारा कमी म्हणून शेतकऱ्यांनी सोडत आणलं होतं, चवीसाठी ब्रुअर लोकांनी टिकवलं. ते घेतलंस तर म्युनिक पूर्ण काढ, कारण ती भाजल्या दाण्याची चव त्यात मुळातच असते. ४.४ किलो मॅरिस ऑटर आणि २०० ग्रॅम क्रिस्टल, बस. पण आधी टू-रोवर कर. तुला अमेरिकन पेल एल हवी आहे आणि साध्या टू-रोवर कॅस्केड जास्त मोकळा लागतो.

वहिनी: पिल्सनर माल्ट वापरलं तर? बंटीकडे एक पिशवी पडून आहे म्हणत होता.

ताई: चालेल, वहिनी, फक्त ते फार कमी उष्णतेला वाळवलेलं असतं. त्यातून उकळताना डीएमएस नावाचं रसायन सुटतं, उकडलेल्या मक्यासारखा वास येतो. म्हणून तासाऐवजी दीड तास उकळायचं आणि झाकण ठेवायचं नाही. रंगही फिका येईल. त्यापेक्षा ती पिशवी लागर बिअरसाठी ठेवावी.

बंटी: ठरलं. टू-रो, म्युनिक, क्रिस्टल ४०. दुकानदार भरडून देतो, तसंच मागवू ना?

ताई: हो, पण बारीक पीठ नको म्हणून सांग. दाणा फुटला पाहिजे आणि साल शक्यतो अखंड राहिली पाहिजे. मॅश गाळताना सालीचाच थर चाळणीचं काम करतो, पीठ झालं तर सगळं तुंबतं. आणि भरडलेलं माल्ट हवा लागून शिळं होतं, त्यामुळे शुक्रवारीच आण.

बंटी: शुक्रवारी ऑफिसवरून येतानाच घेतो.