मदत हवी आहे : भाड्याने द्यायच्या फ्लॅटचे फोटो अंधारे येतात, कमी खर्चात काय करावे?

निशिगंध : कोथरूडमधला आमचा फ्लॅट रिकामा आहे. जाहिरात टाकली, पण हॉल अंधारा आणि खिडकी पांढरीफटक दिसते, त्यामुळे चौकशीचा एकही फोन येत नाही. फोटोग्राफर परवडणार नाही. हजारभर रुपयांत काही जमत असेल तर कृपया लवकर सांगावे, कारण कर्जाचा हप्ता आणि मेंटेनन्स चालूच आहेत.

पाऊलवाट : खिडकी कोणत्या दिशेला आहे आणि फोटो किती वाजता काढलेत?

मोरपीस : फोनची वाइड लेन्स वापरा. माझी १० बाय १२ ची खोली तिच्यामुळेच पूर्ण दिसली आणि भाडेकरूही मिळाला.

पाऊलवाट : वाइडने कडेचे कपाट ताणले जाते आणि खोली आहे त्यापेक्षा मोठी भासते, मग माणूस प्रत्यक्ष पाहायला आला की नाराज होऊन परत जातो. मी तरी हा सल्ला देणार नाही.

मोरपीस : छोट्या स्वयंपाकघरात मागे सरकायलाच जागा नसते, तिथे दुसरा उपाय सांगा!

जुनाजाणता : लिव्ह अँड लायसन्स करार नोंदवून घ्या. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ च्या कलम ५५ नुसार ती जबाबदारी मालकाची असते.

निशिगंध : कराराचे ठाऊक आहे, प्रश्न फोटोंचा आहे. खिडकी पश्चिमेला आहे. फोटो संध्याकाळी पाचला, ट्यूब लावून काढले.

पाऊलवाट : मग दोष फोनचा नाही. त्या वेळी ऊन थेट खिडकीतून येते, फोन त्या उजेडाप्रमाणे फोटो जुळवतो आणि आतले सगळे काळवंडते. सकाळी दहाच्या सुमारास पडदे उघडून, ट्यूब बंद ठेवून काढा, कारण दोन प्रकारचे उजेड मिसळले की भिंतीचा रंग विचित्र येतो. खिडकी पाठीशी किंवा बाजूला ठेवून कोपऱ्यात उभे राहा, फोन छातीच्या उंचीवर आडवा आणि सरळ धरा, एचडीआर (उजेडाचा आणि सावलीचा भाग दोन्ही नीट दाखवणारी कॅमेऱ्यातली सोय) चालू ठेवा आणि स्क्रीनवर भिंतीच्या सावलीतल्या भागावर बोट दाबून उजेड लॉक करा. त्याआधी सुती कापडाने लेन्स पुसा. खर्च करायचाच असेल तर साधा ट्रायपॉड घ्या.

मोरपीस : एवढे मान्य आहे. ब्रोकरला व्हॉट्सॲपवर पाठवताना मात्र डॉक्युमेंट म्हणून पाठवा, नाहीतर फोटोंचा दर्जा घसरतो.

निशिगंध : बाथरूमला खिडकी नाही, तिथे दिवा लावावाच लागेल ना?

पाऊलवाट : हो, तिथे दिवा हवाच. फ्लॅश मात्र नको, टाइल्सवर चमक येते. बादल्या, मग आणि साबण बाहेर काढून ठेवा आणि आरशात तुम्ही दिसणार नाही अशा बेताने दारातून फोटो घ्या.