मदत हवी आहे: १९८६ चा 'रनिंग स्केअर्ड' कुठे मिळेल?

मंडळी, बिली क्रिस्टल म्हटलं की सगळ्यांना 'व्हेन हॅरी मेट सॅली'च आठवतो. त्याच्या तीन वर्षं आधीचा, पीटर हायम्सचा हा सिनेमा मात्र कोणाच्या गावीही नसतो! क्रिस्टल आणि ग्रेगरी हाइन्स हे शिकागोचे दोन पोलीस. नोकरी सोडून फ्लोरिडातल्या 'की वेस्ट' बेटावर बार काढायच्या बेतात. गोष्ट बेताचीच, खरी मजा दोघांच्या टोमणेबाजीत. आणि शहरातल्या उन्नत रेल्वेच्या रुळांवरून गाड्यांचा पाठलाग, तो तर निव्वळ कहर!

पुन्हा बघायचाय, पण शोधलं की २००६ चा पॉल वॉकरवाला याच नावाचा सिनेमा समोर येतो. त्याचा याच्याशी काही संबंध नाही. जुना सिनेमा भारतात अधिकृतपणे, सबटायटल्ससकट कुठे मिळेल? डीव्हीडीही चालेल.