विषय: रिफंड आला का कुणाचा?

नमस्कार मंडळी,

पाडव्याच्या कार्यक्रमाच्या मेलमध्ये हे घुसवत नाही, म्हणून वेगळं लिहिते. आम्ही ९ फेब्रुवारीला अमेरिकेचं इन्कम टॅक्स रिटर्न ई-फाइल (ऑनलाइन) केलं, दुसऱ्या दिवशी ‘ॲक्सेप्टेड’ आलं. तेव्हापासून रोज सकाळी चहाच्या आधी आयआरएसचं, म्हणजे इथल्या आयकर खात्याचं, ‘व्हेअर्ज माय रिफंड’ पान उघडायचं हे माझं नित्यकर्म. २१ दिवसांच्या आत बहुतेकांचा येतो, म्हणतात. २७ तारखेला ‘रिफंड सेंट’ दिसलं आणि मी घरात जाहीर करून टाकलं की जूनची मुंबईची तिकिटं काढायची. आज १६ मार्च. खात्यात एक सेंट नाही. बँकेला फोन केला तर म्हणे आमच्याकडे काही आलेलंच नाही. नवरा म्हणतो, थांब जरा. किती थांबायचं?

(न्यू जर्सी स्टेटला उलट आम्हीच चाळीस डॉलर देणं लागत होतो. ते लगेच गेले.)

– ढोलपथकातली, एडिसन

*

ताई, रोज दहादा बघून उपयोग नाही. ते पान दिवसातून एकदाच बदलतं, तेही बहुधा रात्री. आमचा बारा दिवसांत आला. शेजाऱ्यांचा मात्र रखडला होता, कारण त्यांनी अर्न्ड इन्कम क्रेडिट (कमी कमाईवाल्यांची करसवलत) घेतलंय. तसं असलं की कायद्यानेच फेब्रुवारीच्या मध्यापर्यंत पूर्ण रिफंड सोडत नाहीत. तुमचं ते नसावं, तुमचं तर ‘सेंट’ झालंय.

– एक आयटीवाला

*

पोरी, आधी एक काम कर. १०४० ची, म्हणजे भरलेल्या रिटर्नच्या फॉर्मची, प्रत काढ आणि दुसऱ्या पानावरची ३५ वी ओळ बघ. ३५ए ला रिफंडची रक्कम, ३५बी ला बँकेचा नऊ आकडी राउटिंग नंबर, ३५डी ला खाते नंबर. चेकबुक शेजारी ठेव आणि बोट ठेवून एकेक आकडा ताड. सॉफ्टवेअर गेल्या वर्षीचे आकडे आपणहून भरून ठेवतं आणि आपण ‘नेक्स्ट, नेक्स्ट’ करत सुटतो.

‘सेंट’चा अर्थ एवढाच की आयआरएसने पैसे बँकेच्या दिशेने सोडले. पुढे खातं बंद निघालं तर बँक ते परत पाठवते. हे त्यातल्या त्यात बरं. एखादा आकडा चुकून तो नंबर दुसऱ्याच कुणाच्या चालू खात्याचा निघाला आणि बँकेने पैसे जमा करून घेतले, की मग खरी पंचाईत. फॉर्म ३९११ भरून माग काढायला लावायचा, बँकेला उत्तर द्यायला ९० दिवसांपर्यंत सवड, आणि तरीही पैसे सुटले नाहीत तर बँकेशी आपणच भांडायचं. आणखी एक: सॉफ्टवेअरची फी रिफंडमधून कापून घ्यायला सांगितली असशील तर पैसे आधी मधल्या एका बँकेत जातात, तेव्हा अनोळखी खाते नंबर दिसला तर लगेच हाय खाऊ नकोस.

पूर्वी पैसे परत फिरले की आपोआप कागदी चेक घरी यायचा. ३० सप्टेंबर २०२५ पासून ते चेक टप्प्याटप्प्याने बंद करताहेत. आता सीपी५३ई नावाचं पत्र येतं. त्यावर ३० दिवसांत आयआरएसच्या ऑनलाइन खात्यात जाऊन बँकेचा नवा नंबर द्यायचा. पोस्टाची पेटी उघडतेस ना? आणि कुणी फोन करून ‘रिफंड अडकलाय, खाते नंबर सांगा’ म्हणालं तर सरळ ठेवून दे.

– माजी खजिनदार

*

काका, तुमच्या तोंडात साखर पडो, म्हणजे साखर चालत असेल तर.

३५डी ला जुन्या बँकेचा नंबर. ते खातं आम्ही नोव्हेंबरमध्ये बंद केलं. मी फोन केला तो नव्या बँकेला, त्यांना कुठून कळणार? पत्रही सापडलं, पिझ्झाच्या कुपनांच्या गठ्ठ्यात. तीसपैकी नऊ दिवस गेले.

पण आता दुसरंच लचांड. ऑनलाइन खात्यात शिरायला ओळख पटवावी लागते, लायसन्सचा फोटो आणि स्वतःचा सेल्फी. रिटर्नवर पहिलं नाव माझं, पत्र माझ्या नावाने, तेव्हा नवऱ्याच्या लॉगिनवर भागणार नाही. मी इथे शिकायला आले तेव्हा सोशल सिक्युरिटी कार्ड (टॅक्ससाठी लागणाऱ्या सरकारी नंबराचं) माहेरच्या आडनावाने मिळालं. लग्नानंतर पासपोर्ट बदलला, त्यात मधलं नाव वडिलांचं जाऊन नवऱ्याचं आलं. लायसन्स त्यावरून. रिटर्न कार्डाप्रमाणे, म्हणजे माहेरच्या नावाने. मशीन म्हणतं, या दोन बायका वेगळ्या आहेत.

– तीच

*

अगं, माझ्या बाबतीत हे उलटं झालं होतं. लग्नाच्या वर्षी मी हौसेने सासरच्या नावाने रिटर्न भरलं आणि ई-फाइल लगेच परत आलं, कारण ते सोशल सिक्युरिटीकडच्या नंबराशी आडनावाची पहिली चार अक्षरं जुळवून बघतात. आपल्याकडे बाईची तीनपैकी दोन नावं एका दिवसात बदलतात, हे त्या मशीनला कोण समजावणार!

सेल्फीचा नाद सोड. व्हिडिओ कॉलचा पर्याय असतो, तिथे माणूस बसलेला असतो. लायसन्स, पासपोर्ट, सोशल सिक्युरिटी कार्ड आणि लग्नाचा दाखला हाताशी ठेव. महाराष्ट्रातला दाखला मराठी-इंग्रजी असेल तर चांगलंच, माझ्याकडे तसा होता. खोलीत उजेड ठेव, लायसन्सवर चकाकी आली की पुन्हा पुन्हा दाखवायला लावतात.

आणि कार्डावरचं नाव आत्ता बदलायला जाऊ नकोस. त्यासाठीचा फॉर्म, एसएस-५, भरायचाच आहे, पण या रिटर्नचे पैसे हातात आल्यावर. नाहीतर एक गाठ सोडवताना दुसरी बसेल.

– मराठी शाळेच्या समितीतली

*

झालं! व्हिडिओवरच्या बाईंना आधी सगळे कागद दाखवले, मग ‘मधलं नाव नवऱ्याचं का?’ याचं उत्तर दिलं. त्या हसल्या आणि पुढे गेल्या. नवा नंबर टाकला, तीनदा वाचून. काल पैसे जमा झाले.

शाळेच्या ताई, तुम्हाला आणि काकांना रविवारी चकल्या. सराव तीनला आहे, साडेतीनला नाही.

नवरा विचारतोय, इतके दिवस अडकले त्याचं व्याज मिळेल का?

*

नाही. रिफंडला ४५ दिवसांहून जास्त लागले तरच व्याज, आणि १५ एप्रिलच्या मुदतीआधी भरलेल्या रिटर्नचे ते दिवस त्या तारखेपासून मोजतात, तू फेब्रुवारीत भरलंस म्हणून फेब्रुवारीपासून नाही. आणि मिळालं असतं तरी पुढच्या वर्षी त्या व्याजावर टॅक्स भरावा लागला असता, हे त्याला सांग. चकल्या भाजणीच्या आण.

– माजी खजिनदार