मुलांकडे परदेशात मुक्काम: नागपूरकरांचा अनुभव धागा

ऊन ४५ अंशांवर गेलं की नागपूरचे आईवडील लेकीकडे नाहीतर लेकाकडे निघतात. व्हिसा-तिकिटावर भरपूर लिहून झालंय. इथे त्या घरात पाऊल टाकल्यानंतरचं लिहा: स्वयंपाकघर, न्हाणीघर, दार, शेजार. किस्से नकोत, काय करायचं आणि काय बिघडतं तेवढं सांगा. नावाऐवजी नागपुरातली आपली वस्ती लिहा, आणि देश लिहायला विसरू नका, अमेरिकेचं जर्मनीत चालत नाही.

धरमपेठ (अमेरिका)

फोडणीपासून सुरू करते, कारण पहिल्याच दिवशी छतावरचा धूर ओळखणारा भोंगा तिच्यामुळेच वाजतो.

पुष्कळ अपार्टमेंटमध्ये शेगडीवरचा पंखा धूर घराबाहेर टाकत नाही. जाळीतून गाळतो आणि परत खोलीतच सोडतो. पंखा लावून त्याच्या वरच्या फटीपुढे हात धरा. वारा लागला तर तो या जातीचा. मग आधी खिडकी उघडायची आणि नंतरच तेल तापवायचं.

दुसरी गोम विजेच्या शेगडीची. गॅसवर आपण मोहरी तडतडली की बटण बंद करतो. इथे बटण बंद केलं तरी चकती दोन-चार मिनिटं तापलेलीच राहते. त्यावर हिंग, हळद, सुकी मिरची टाकली की मिरची काळी पडते आणि तिचाच ठसका छतापर्यंत जातो. म्हणून मोहरी फुटली की कढलं उचलून शेजारच्या थंड चकतीवर ठेवा आणि बाकीचं तिथे टाका. बुडाला गोल असलेली कढई काचेच्या शेगडीवर नीट टेकत नाही, मधोमध करपते आणि कडेला कच्चं राहतं. सपाट बुडाचं भांडं घ्या. सावजी रस्सा करायचाच असेल तर खोबरं आणि खडा मसाला नागपुरातच भाजून, दळून न्या. तिथे फक्त वाटण परतायचं राहतं.

तरी भोंगा वाजलाच तर भांडं झाकून उचला, खिडक्या उघडा, भोंग्याखाली टॉवेल हलवा. घराचं मुख्य दार मात्र उघडू नका. धूर बाहेरच्या सामाईक बोळात गेला की तिथला भोंगा वाजू शकतो. काही इमारतींत तो सगळ्या मजल्यांना जोडलेला असतो, मग लोक खाली उतरतात आणि आगीचा बंब येतो. पोह्यापायी एवढा तमाशा कशाला?

महाल

वरच्यात भर. शेगडी इंडक्शनची असेल तर ॲल्युमिनियमचा कुकर चालणार नाही. फ्रिजवरचा लोहचुंबक भांड्याच्या बुडाला लावून बघा, चिकटला तरच भांडं तापेल. मिक्सर इथून नेऊ नका. आपली वीज २३० व्होल्ट, अमेरिकेची १२०. आपला ७५० वॅटचा मिक्सर तिथे नुसता कण्हतो, चटणी वाटत नाही. वीज वाढवणारा ट्रान्सफॉर्मर घ्यायचा तर तो मिक्सरच्या दुप्पट क्षमतेचा लागतो आणि चांगलाच जड असतो. ब्रिटन, जर्मनीत वीज आपल्यासारखीच आहे, फक्त पिनेचा आकार वेगळा. मोबाइलच्या चार्जरवर १००–२४० लिहिलेलं असतं, तो कुठेही चालतो.

सक्करदरा (सामानाबद्दल)

नागपूर–मुंबई आणि पुढचं तिकीट वेगवेगळं काढलं तर देशी विमानात बहुतेकदा १५ किलोच सामान चालतं. मुंबईच्या पुढे २३ किलोच्या दोन बॅगा चालत असतील म्हणून तेवढ्या भरल्या, तर सोनेगावला, म्हणजे नागपूरच्या विमानतळावरच जादा वजनाचे पैसे मोजावे लागतात. दोन्ही प्रवास एकाच पीएनआरवर घ्या.

ताजी संत्री आणि कढीपत्त्याची डहाळी अमेरिकेत नेता येत नाही. कारण आपल्या ओळखीचं आहे: काटोल-वरुडच्या बागांना छळणारी सिट्रस सिला कीड कढीपत्त्यावरही वाढते, आणि संत्र्याच्या झाडाला ग्रीनिंग रोग तीच लावते. अमरावती रोडवरच्या लिंबूवर्गीय फळे संशोधन संस्थेच्या गावच्या माणसाला हे वेगळं सांगायला नको.

खसखस संयुक्त अरब अमिरातीत आणि सिंगापूरमध्ये बंदी असलेल्या वस्तूंत मोडते. सावजी मसाल्यात ती असते. मुलगा दुबईत असेल तर खसखस वगळून मसाला करून घ्या.

दुधाचे पदार्थ ब्रिटनमध्ये आणि युरोपीय संघात नेता येत नाहीत, तेव्हा खव्याच्या संत्रा बर्फीचा मोह आवरा. अमेरिकेत खाण्याचं काहीही असलं तरी विचारल्यावर ‘आहे’ म्हणा. सांगितलेलं फार तर काढून घेतात, लपवलेलं सापडलं तर दंड होतो. लोणचं केबिन बॅगेत द्रवात धरतात, १०० मिलीच्या वर नाही. ते मोठ्या बॅगेतच टाका: बरणीला टेप, मग दोन पिशव्या, आणि कपड्यांच्या मधोमध. तिखट-मसाल्याच्या प्रत्येक पाकिटावर इंग्रजीत नाव चिकटवा.

प्रतापनगर (न्हाणीघर)

जमिनीला मोरी नसते, हे डोक्यात पक्कं बसवा. पडदा टबाच्या आत सोडून अंघोळ करायची. बाहेर सोडला तर पाणी फरशीवर येतं, फटीतून झिरपतं आणि खालच्याच्या छताला डाग पडतो. मग भरपाईची भाषा सुरू होते. बादली-मग हवाच असेल तर टबात बसवा. फरशी धुवायची नाही, पुसायची.

सिंकच्या खाली खरकटं दळणारं यंत्र असतं, त्यात भात, कांद्याची सालं, तूप टाकू नका. भात पाइपात फुगतो, सालांचे धागे पात्यात गुंडाळतात, तूप गार होऊन थिजतं.

मानेवाडा (जर्मनी)

रविवारी जवळपास सगळी दुकानं बंद. दूध, भाजी शनिवारीच आणा. रात्री १० ते सकाळी ६ आणि रविवारी दिवसभर आवाज चालत नाही: मिक्सर, ठोकाठोक, काचेच्या बाटल्या डब्यात टाकणं, सगळं बाद. इडलीचं पीठ शनिवारी संध्याकाळीच वाटून ठेवा. पाण्याची प्लास्टिक बाटली फेकू नका, तिच्यावर २५ सेंट अनामत असते. दुकानातल्या यंत्रात टाकली की चिठ्ठी मिळते, ती गल्ल्यावर द्यायची. बाटली चेपू नका, यंत्राला शिक्का वाचता आला नाही तर ती परत बाहेर येते.

शेंगेन व्हिसावर (जर्मनीसह युरोपातल्या बऱ्याच देशांचा मिळून एकच) १८० दिवसांत ९० च दिवस राहता येतं. आलेला आणि निघालेला, दोन्ही दिवस धरतात.

धंतोली (अमेरिका)

रस्त्यात अनोळखी माणूस ‘हाऊ आर यू’ म्हणाला तर गुडघ्याचं गाऱ्हाणं सुरू करू नका. ते आपल्या ‘काय म्हणता बाप्पा’सारखंच आहे. ‘गुड, अँड यू’ म्हणायचं आणि पुढे चालायचं. दुसऱ्याच्या बाळाचा गालगुच्चा घेऊ नका, खाऊ आईबापाला विचारून द्या. नातवाला गाडीत एकटं सोडून दोन मिनिटांसाठीही दुकानात जायचं नाही.

नातवाने खेळता खेळता ९११, म्हणजे तातडीच्या मदतीचा नंबर लावला तर फोन कापू नका. ‘चुकून लागला, सगळं ठीक आहे’ एवढं बोलून मग ठेवा. कापला तर ते उलट फोन करतात, उचलला नाही तर पोलीस दारात येऊ शकतात.

औषधं मूळ पाकिटात ठेवा आणि चिठ्ठीवर औषधाचं मूळ रासायनिक नाव लिहून घ्या, कंपनीचं नाव तिथे कुणाला कळत नाही. पॅरासिटामॉलला तिथे असिटामिनोफेन म्हणतात. नाव वेगळं म्हणून दोन्ही घेतलं तर डोस दुप्पट होतो.

महाल (पुन्हा)

पेन्शनवाल्यांसाठी. नोव्हेंबरात तिकडे असाल तर हयातीच्या दाखल्याची सोय आधीच करा. जीवन प्रमाण ॲपमध्ये चेहऱ्यावरून ओळख पटते. निघण्याआधी ते घरी एकदा चालवून बघा, आणि आपली बँक किंवा कोषागार ते धरतं का ते विचारून घ्या. भारतातलं सिम चालू ठेवा, रिचार्जची मुदत परतीच्या तारखेपुढची घ्या आणि आंतरराष्ट्रीय रोमिंग इथूनच सुरू करून निघा. बँकेचा ओटीपी त्याच नंबरवर येतो. डेटा रोमिंग मात्र बंदच ठेवा, नाहीतर बिल बघून तिकडच्या थंडीतही घाम फुटेल.